बांधकामाचा पर्यावरण आराखडा कसा तयार व्हावा?

गोव्यात बांधकाम परवान्यासाठी पालिकेकडे अर्ज जातो तेव्हा त्यासोबत मालकीची कागदपत्रे, नकाशांचा गठ्ठा आणि नगरनियोजन खात्याची किंवा नियोजन व विकास प्राधिकरणाची तांत्रिक मान्यता असते. प्रकल्प मोठा असेल तर आणखी एक दस्तऐवज जोडला जातो, तो म्हणजे पर्यावरण व्यवस्थापन आराखडा. बांधकामाचा माती, पाणी, हवा, झाडे आणि शेजारची वस्ती यांवर कोणता परिणाम होईल आणि तो टाळण्यासाठी किंवा कमी करण्यासाठी काय केले जाईल, हे त्यात नमूद असावे अशी अपेक्षा असते. मात्र ‘शक्य तेथे पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्यात येईल’, ‘आवश्यक ती काळजी घेतली जाईल’ अशी साच्यातली वाक्ये या आराखड्यांत सर्रास भेटतात. डिचोलीच्या जागी फोंडा लिहिले तरी अशा मजकुरात काही फरक पडत नाही, आणि तीच त्याची खरी उणीव आहे.

केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण प्रभाव मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांना आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. या मर्यादेखालच्या प्रकल्पांना ती लागत नाही. पण म्हणून ते सर्व बंधनांतून सुटतात असे नव्हे. डोंगर कापण्यासाठी किंवा सखल जमिनीत भराव टाकण्यासाठी नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम १७-अ नुसार पूर्वपरवानगी हवी, झाड तोडण्यासाठी १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी हवी, आणि किनारी वा खाडीलगतच्या जागेला किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. परंतु या साऱ्या परवानग्या सुट्या सुट्या असतात. टेकडीच्या उतारावर सहा हजार चौरस मीटरचे गृहसंकुल उभे राहते तेव्हा पाणी, माती आणि सांडपाणी यांचा एकत्रित विचार करण्याची अखेरची जागा स्थानिक संस्थाच असते. म्हणूनच कायद्याने सक्ती नसली तरी मध्यम आकाराच्या प्रकल्पांकडून असा आराखडा मागणे पालिकांच्या हिताचे आहे.

आराखड्याचा आरंभ उपायांपासून होत नाही, जागेच्या नोंदीपासून होतो. पावसाचे पाणी कोठून येते आणि कोणत्या ओहोळाने जाते, उताराच्या पायथ्याशी झरी आहे का, शंभर-दोनशे मीटरच्या परिघात कोणाच्या विहिरी आहेत आणि मे महिन्यात त्यांत किती पाणी उरते, झाडे कोणती व किती, हे सारे आधी नकाशावर यायला हवे. उन्हाळ्यात एका सकाळी जागा पाहून ही नोंद होत नाही. निदान एक फेरी भर पावसात व्हावी.

ही नोंद अपुरी राहिली तर पुढचे सारे डळमळते. मोप विमानतळाचे उदाहरण गोव्याला परिचित आहे. तो प्रकल्प पालिकेच्या कक्षेतला नव्हता. पण अर्जात परिसरातील पर्यावरणाची माहिती पूर्णपणे उघड केली गेली नाही, या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये त्याची पर्यावरण मंजुरी स्थगित केली. जानेवारी २०२० मध्ये वाढीव अटींसह ती स्थगिती उठली, आणि अटींच्या पालनावर देखरेख करण्याचे काम नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेकडे सोपवण्यात आले. अर्जातील माहितीच अपुरी निघाल्यावर न्यायालयाला उपायांचाही फेरविचार करायला लावावा लागला.

नोंद झाल्यावर उपायांचा क्रम येतो. परिणाम आधी टाळावा, टाळता येत नसेल तर कमी करावा, झालेली हानी दुरुस्त करावी, आणि यांपैकी काहीच शक्य नसेल तेव्हाच भरपाईचा विचार करावा. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा चालतो. जुना आंबा तोडून त्याच्या बदल्यात रोपे लावण्याचे आश्वासन पहिल्याच पानावर येते. इमारत चार मीटर सरकवली असती तर आंबा वाचला असता का, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

गोव्यापुरते बोलायचे तर आराखड्याचा कणा पाणी हाच असायला हवा. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस येथे पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच. ४,००० चौरस मीटरचा भूखंड घेऊ. त्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर दोन लाख लिटर पाणी पडते. झाडीझुडपांच्या मोकळ्या जमिनीवरून त्यातले साधारण तीस टक्के, म्हणजे साठ हजार लिटर वाहून जाते, असे धरता येईल. छप्पर, काँक्रीट आणि फरशीने जवळपास सारी जागा झाकली की हेच प्रमाण नव्वद टक्क्यांवर जाते आणि १,८०,००० लिटर पाणी बाहेर पडते. वाढलेले १,२०,००० लिटर म्हणजे दहा हजार लिटरचे बारा टँकर, एका तासात, खालच्या घराच्या अंगणाच्या दिशेने. आराखड्याने या बारा टँकरांचा हिशेब द्यायला हवा: किती पाणी टाकीत साठेल, किती मुरेल, किती गटारात जाईल, आणि त्या गटाराची तेवढी क्षमता आहे का.

‘मुरेल’ हा शब्दही जपून वापरावा लागतो. सड्यावरच्या जांभ्या दगडात पाणी सहज झिरपते आणि पुढे पायथ्याच्या झऱ्यांना मिळते. तेथे शोषखड्डे उपयोगी. तीव्र उतारावर मात्र मुरलेले पाणी खालच्या चिकणमातीच्या थरावर साचून दरड सैल करू शकते. खाजन जमिनीलगत पावसाळ्यात भूजल पृष्ठभागाशीच असते, तेथे शोषखड्डा जूनमध्ये भरला की तसाच भरलेला राहतो. तेथे बांध, मानस आणि ओहोळाची वाट मोकळी ठेवणे हाच उपाय. तिन्ही जागी एकाच आकाराचा खड्डा दाखवणारा नकाशा परत पाठवायला हरकत नसावी.

काळाचेही तसेच. डोंगरकापणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकली, संरक्षक भिंत पाणी निसटण्याच्या छिद्रांसह मेअखेर उभी राहिली आणि गाळ अडवणारे खड्डे तयार असले, तर जूनचा पहिला पाऊस निभावतो. एप्रिलमध्ये उघडी केलेली तांबडी माती आषाढात शेतात आणि विहिरीत उतरते. आराखड्यात या तारखा हव्यात.

सांडपाण्याचे गणित त्यामानाने सरळ आहे. दरडोई १३५ लिटर पाणी आणि त्याच्या ऐंशी टक्के सांडपाणी या प्रचलित मापाने चाळीस सदनिकांतील दोनशे रहिवाशांचे रोज २१,६०० लिटर सांडपाणी होते. मलनिस्सारण वाहिनी नसेल तर हे सारे जांभ्याच्या भेगांतून शेजारच्या विहिरीकडे जाऊ शकते, म्हणून शुद्धीकरण प्रकल्पाची जागा, वीज आणि देखभालीचा खर्च आधीच ठरावा. मलब्यासाठी २०१६ चे नियम स्पष्ट होते: दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांहून अधिक मलबा होणार असेल तर वर्गीकरण आणि काम सुरू होण्यापूर्वी स्थानिक संस्थेची मान्यता त्यांनी आवश्यक केली होती. धूळ आणि आवाजाबाबत झाकलेली वाळू, पाण्याची फवारणी आणि रात्री दहा ते सकाळी सहा यंत्रे बंद, एवढे पाळले तरी शेजाऱ्यांच्या बऱ्याच तक्रारी मिटतात.

प्रत्येक उपायापुढे जागा, माप, मुदत, जबाबदार व्यक्ती आणि खर्च लिहिलेला असावा. ‘पाणी मुरवण्यात येईल’ याऐवजी ‘वायव्य कोपऱ्यात ६०,००० लिटरची टाकी, ३१ मेपूर्वी, जबाबदारी प्रकल्प अभियंत्याची’ असे लिहिले की पालिकेच्या अभियंत्याला तपासायला काहीतरी सापडते. हाच खर्च कंत्राटदाराच्या निविदेतही यायला हवा. निविदेत नसलेली टाकी सहसा जमिनीवरही नसते.

पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पांना दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो. लहान प्रकल्पांना ही सक्ती नाही. त्यांच्याबाबत आराखड्यातील उपाय बांधकाम परवान्याच्या अटी म्हणून लिहिले गेले, तरच भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी पालिकेला ते विचारता येतात. आराखडा आणि अटी यांची प्रत माहिती हक्क कायद्याखाली कोणत्याही नागरिकाला मागता येते. खालच्या बाजूच्या घरमालकाने ती काम सुरू होण्यापूर्वीच मागावी. भोगवट्यापूर्वीची पाहणी मात्र बऱ्याचदा कोरड्या दिवसांत होते, जेव्हा प्रत्येक गटार पुरेसे मोठे दिसते. निदान उतारावरील प्रकल्पांची तरी एक पाहणी जुलैत ठेवली, तर नकाशावरचे पाणी आणि प्रत्यक्ष वाहणारे पाणी अभियंत्याला एकाच वेळी पाहता येईल.