नग अकरा

सकाळी १०

जुलै महिन्यात गिटारची केस उघडली की मी आधी वास घेते. ओलसर वास आला तर सिलिका जेलच्या पुड्या बदलायच्या. गिटारच्या लाकडाला हवेत पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के ओलावा मानवतो. पुण्याच्या पावसाळ्यात तो ऐंशीच्या पुढे जातो, वरची फळी किंचित फुगते, तारा पट्टीपासून उचलल्या जातात आणि रात्री डाव्या हाताची बोटं ठणकतात.

मग बॅटरी. गिटारच्या पोटात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते आणि वायरची पिन आत असेपर्यंत ती खर्च होत राहते, तुम्ही वाजवा नाहीतर झोपा. एकदा पिन रात्रभर तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच गाण्यात आवाज फाटायला लागला. लोकांना वाटलं, मुद्दाम केलंय. एका टेबलाने टाळ्याही वाजवल्या. तेव्हापासून कार्यक्रमाच्या दिवशी बॅटरी नवी, जुनी घरच्या घड्याळाच्या गजराला.

सकाळी ११:३०

माईकची एक वायर हलवली की खरखरते. टोक उघडून बघितलं तर जाळीचा एकच धागा शिल्लक होता. डाख दिला, काम झालं. सुटे भाग मी तपकीर गल्लीतून आणते. तिथे माईकच्या पिनेला एक्सएलआर म्हटलं तर समजतं, पण ‘कॅनन’ म्हटलं की दुकानदार जरा सरळ भाव सांगतो. गिटारची जाडी पिन म्हणजे ‘पी थर्टीएट’. हे दोन शब्द शिकायला मला दोन वर्षं लागली. तोपर्यंत मी नवशिकी म्हणून जास्त पैसे देत होते.

दुपारी ३:४५

नग अकरा. जाताना मोजायचे, येताना मोजायचे. सगळं एका रिक्षात बसलं पाहिजे ही माझी अट आहे आणि सामान त्या अटीतूनच ठरलंय. म्हणून स्पीकर एकच, दहा इंची, अँप्लिफायर त्याच्या पोटातच. ‘दोन लाव ना, स्टिरिओ होईल’ असं सांगणारे भेटतात. एक बाई, एक गिटार, यात डावं-उजवं काय करायचं? शिवाय दोन स्पीकरचा आवाज एकाच टेबलावर पुढेमागे पोचला की काही सूर एकमेकांना खातात.

“ताई, लग्नाची ऑर्डर का?” रिक्षावाले काका विचारतात. स्पीकर माझ्या पायाशी, स्टँड मांडीवर, आणि सगळ्यावर प्लॅस्टिकचा कागद, कारण चांदणी चौकापर्यंत पाऊस येतोच.

दुपारी ४:४०

बाणेरचं हे रेस्टॉरंट म्हणजे जुन्या बंगल्याचं अंगण, वर पत्रे. मॅनेजर बाहेर येतात, माझ्या मागे बघतात. “मॅडम, साउंडवाला कधी येणार?” आला आहे, म्हणते. दर नव्या जागी हे एकदा होतं.

जागा नेहमीप्रमाणे कोपऱ्यातली दिलेली. हॉटेलवाल्यांना कोपरा म्हणजे वाया न गेलेलं टेबल वाटतं. पण दोन भिंती मिळतात तिथे खर्ज फुगतो आणि गिटारच्या पोटातली हवा शंभर हर्ट्झच्या आसपास स्वतःहूनच घुमत असते. पाचवी तार, एकशेदहा हर्ट्झची, नेमकी तिच्या शेजारी. दोन्ही मिळाले की स्पीकरचा आवाज गिटारच्या पोटात शिरतो, पोट घुमतं, ते पुन्हा स्पीकरमध्ये, आणि सगळं अंगण हंबरायला लागतं. एक कुंडी सरकवून मी चार फूट पुढे येते. गिटारच्या भोकाला रबरी झाकण, मिक्सरवर खर्ज कापणारा लो-कट दाबलेला.

स्पीकर माझ्या डावीकडे, माईकच्या एक पाऊल पुढे, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या जरा वर. माईक शुअरचा एसएम५८, १९६६ पासून बनतो आहे. तो समोरचं ऐकतो आणि पाठीमागे जवळजवळ बहिरा असतो. त्याची पाठ स्पीकरकडे राहिली की निम्मी भांडणं मिटतात.

सायंकाळी ५:१५

आधी मिक्सर, शेवटी स्पीकर. उलट केलं तर ‘धप्प’ असा आवाज येतो आणि आतला पडदा दुखावतो. चालू केलं. गुणगुण.

आपली वीज पन्नास हर्ट्झची. तिची गुणगुण शंभरवरही ऐकू येते, म्हणजे सहाव्या तारेच्या तिसऱ्या घरातल्या ‘जी’पेक्षा किंचित चढी. तो स्वर वाजवला की दोघांची ओढाताण कानाला कळते. गिटारचा आवाज शून्यावर आणला, गुणगुण तशीच. माईक बंद केला, तशीच. म्हणजे दोष विजेत. माझ्या सॉकेटवर आइस्क्रीमचा फ्रीजर आणि माळेच्या दिव्यांचा डिमर, दोघेही. डिमर फिरवला की गुणगुणीचा पोत बदलतो, चोर सापडला.

अर्थिंगची पिन कापून गुणगुण घालवणारे महाभाग मी पाहिले आहेत. ओठ माईकच्या जाळीला, बोटं धातूच्या तारांवर आणि मधल्या मध्ये आपण. ते नाही करायचं. इथला एक वेटर, मूळचा साताऱ्याकडचा, काउंटरमागून लांब एक्स्टेन्शन बोर्ड काढून देतो. त्या लाइनवर फक्त बिलाचं मशीन आहे. माझं सगळं सामान त्या एकाच बोर्डावर. शांतता.

सायंकाळी ५:४५

या कामातली मुख्य अडचण अशी की वाजवणारी इथे असते आणि ऐकायचं असतं तिथे. मी जिथे उभी आहे तिथून मला माझं गिटार लाकडातून, बरगड्यांतून ऐकू येतं. पाचव्या टेबलावर काय जातंय याचा पत्ता नाही. मोठ्या कार्यक्रमात त्यासाठी माणूस असतो. माझ्याकडे लूपर आहे, पायाने दाबायचं एक पेडल. सोळा मात्रांचं आवर्तन वाजवते, पेडल दाबते, गिटार स्टँडवर ठेवते आणि स्वतःचंच वाजणं चालू ठेवून अंगणात फिरते.

पहिल्या टेबलावर बरं. सहाव्यावर खर्ज कमी. मुतारीच्या दाराशी सगळ्यात सुंदर, हे का ते देव जाणे. पायऱ्यांजवळ मात्र काहीतरी खुपतं. मी मान वाकडी करून उभी. तो वेटर ग्लास पुसता पुसता म्हणतो, “ताई, रागवू नका. खुळखुळ्यासारखं वाजतंय.”

अगदी बरोबर. गिटारच्या घोडीखाली दाब ओळखणारी पट्टी असते, पीझो. ती लाकडाचा आवाज न घेता तारेचा ठोका घेते. म्हणून नखाचा प्रत्येक आघात प्लॅस्टिकवर टिचकी मारल्यासारखा येतो. दोन हजार हर्ट्झच्या आसपास थोडं उतरवते, पुन्हा फिरते. “आता?” तो विचार करतो. “आता गिटार.” मी वर्षभर कानांच्या व्यायामाचं ॲप वापरलंय, त्यात खुळखुळा नव्हता.

गाण्याच्या आवाजाची तपासणी मात्र दोन मिनिटांची. ‘हॅलो, वन टू थ्री’ म्हणून काही कळत नाही. शिट्टीचे शब्द, ‘स’ आणि ‘श’वाले, म्हणून बघते.

सायंकाळी ७:३०

अंगण भरलं की सगळं बदलतं. माणसं आणि त्यांचे कपडे वरचे सूर पितात, बोलणी मधले सूर झाकतात. मोह होतो आवाज वाढवायचा. गोंगाटात माणूस आपोआप मोठ्याने बोलतो, हे एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवलं. मी वाढवला की टेबलं वाढवतात, मग मी, मग टेबलं. म्हणून मी उलटं करते. दोन गाणी हळू, फक्त बोटांनी. तिसऱ्या टेबलावरचे काका वाक्य अर्धं सोडून वळून बघतात. ते बघणं मानधनात धरलेलं नसतं.

टिश्यू पेपरवर फर्माइशी येतात. एक ‘हॅपी बर्थडे’, दोन जुनी हिंदी, आणि एकावर नुसतंच ‘थोडं कमी’. तो कागद मी जपून ठेवते.

रात्री ९:५५

शेवटचं गाणं संपतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर दहानंतर स्पीकर नाही आणि शेजारच्या सोसायटीतल्या आजोबांचं घड्याळ माझ्यापेक्षा बरोबर आहे. आधी स्पीकर बंद, मग मिक्सर. वायरी एक वेटोळं सुलट, एक उलट अशा गुंडाळायच्या, म्हणजे पुढच्या वेळी पीळ पडत नाही. भूक लागलेली असते, पाऊस सुरू झालेला असतो, तरी हे घाईत करायचं नाही.

रात्री ११:१०

रिक्षातून उतरवून जिन्याखाली मोजते. गिटार, स्पीकर, स्टँड दोन... बारा. पुन्हा मोजते. बाराच.

फोन वाजतो. “ताई, झोपला नाही ना? आमचा काउंटरचा बोर्ड...”

“उद्या आणून देते.”

“उद्या सकाळी हां, ताई. बिलाचं मशीन बंद आहे.”