पाचांतली एक

मे 2015. फ्लोरिडातल्या ब्रेडेंटन गावचा कन्सेशन गोल्फ क्लब. सतराव्या होलच्या टीवर मराया स्टॅकहाउस उभी होती. ती दोन होल मागे होती आणि खेळायचे होलही दोनच उरले होते. यातला एखादा नुसता बरोबरीत सुटला असता तरी तिचा सामना संपला असता आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मुलींचे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपदही हातचे गेले असते. बेलर विद्यापीठाविरुद्धच्या अंतिम फेरीचा निकाल याच एका सामन्यावर येऊन ठेपणार होता.

सतराव्यावर तिने बर्डी केली, म्हणजे पारपेक्षा, अपेक्षित फटक्यांपेक्षा, एक फटका कमी. अठराव्यावरही बर्डी. बरोबरी झाल्यावर एक जादा होल खेळवला गेला आणि तिथे तिने साधी, नेटकी पार करून हेली डेव्हिसला हरवले. स्टॅनफर्ड 3, बेलर 2.

या संघाच्या पुढच्या दहा वर्षांचा मागोवा घेताना मी पुन्हा पुन्हा या दोन बर्डींपाशी येतो. कारण ही मुलगी तोवर एकटीच्या बळावर पुष्कळ काही करून चुकली होती. 2013 मध्ये, पहिल्याच वर्षी, तिने स्टॅनफर्डच्या घरच्या मैदानावर एका फेरीत 61 फटके नोंदवले होते. पहिले नऊ होल तर तिने केवळ 26 फटक्यांत संपवले. गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी सांगायचे तर त्या मैदानाची पार 71 आहे. म्हणजे चांगल्या खेळाडूकडून जेवढ्या फटक्यांची अपेक्षा, त्याहून दहा कमी. 2014 मध्ये ती कर्टिस कपसाठी अमेरिकेच्या संघात आली. या स्पर्धेत खेळणारी ती पहिली आफ्रिकन-अमेरिकन मुलगी. तरीही तिचे नाव निघाले की आधी आठवतात ते ब्रेडेंटनचे शेवटचे तीन होल, जिथे ती स्वतःसाठी खेळत नव्हती.

गोल्फइतका एकटा खेळ दुसरा क्वचितच असेल. पास द्यायला कोणी नाही, झेल घ्यायला कोणी नाही, आपल्या चुकीवर पांघरूण घालायला कोणी नाही. कॉलेजच्या गोल्फमध्ये मात्र याच एकट्या खेळाची मोट बांधली जाते. राष्ट्रीय स्पर्धेत आधी फटक्यांचा हिशेब होतो. रोज पाच जणी खेळतात, त्यांतल्या चौघींचे फटके धरले जातात आणि सगळ्यांत जास्त फटके लागलेल्या पाचवीचा आकडा सोडून दिला जातो. या फेऱ्यांतून वैयक्तिक विजेती ठरते आणि पहिले आठ संघ पुढे जातात. मग सुरू होतो मॅच-प्ले. पाच विरुद्ध पाच, प्रत्येक सामन्याला एक गुण, तीन गुण मिळवणारा संघ पुढे. मुलग्यांसाठी ही पद्धत 2009 मध्ये आली, मुलींसाठी 2015 मध्ये. म्हणजे स्टॅकहाउसची ती लढत या नव्या पद्धतीची पहिलीच अंतिम फेरी होती. या पद्धतीत जगातली पहिल्या क्रमांकाची खेळाडू आणि संघातली पाचवी मुलगी यांच्या विजयाची किंमत सारखीच, एक गुण. मला या खेळातली ही सर्वांत सुंदर तरतूद वाटते.

संघ उभा केला तो अ‍ॅन वॉकर यांनी. त्या मूळच्या स्कॉटलंडच्या. बर्कलीला शिकल्या, तिथल्याच संघातून खेळल्या आणि 2012 मध्ये स्टॅनफर्डच्या प्रशिक्षक झाल्या. तिसऱ्याच हंगामात पहिले अजिंक्यपद आले.

त्यानंतरच्या काही वर्षांत संघाच्या नावावर राष्ट्रीय अजिंक्यपद नाही, पण माणसे तयार होत होती. कॅलिफोर्नियाच्या अँड्रिया लीने कॉलेजच्या नऊ स्पर्धा जिंकल्या आणि 2019 मध्ये हौशी खेळाडूंच्या जागतिक क्रमवारीत अव्वल राहिल्याबद्दलचे मॅककॉर्मॅक पदक मिळवले. पुढे 2022 मध्ये पोर्टलंडला तिने व्यावसायिक स्पर्धाही जिंकली. स्वित्झर्लंडची अल्बान व्हालेन्झुएला 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकला खेळली. अमेरिकेच्या हौशी अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत ती 2017 आणि 2019 मध्ये पोहोचली आणि दोन्ही वेळा हरली. जर्मनीच्या आलिने क्राउटरने 2020 मध्ये ब्रिटनचे हौशी अजिंक्यपद पटकावले. त्याच वर्षी मार्चमध्ये करोनाने कॉलेजचा हंगाम अर्ध्यावर मोडला.

आणि मग मेम्फिसहून रेचल हेक आली.

2020-21 हे तिचे पहिले वर्ष. त्या हंगामात तिने सहा स्पर्धा जिंकल्या. पॅसिफिक-12 परिषदेचे अजिंक्यपद, विभागीय स्पर्धा आणि मग अ‍ॅरिझोनात स्कॉट्सडेलच्या ग्रेहॉक मैदानावर राष्ट्रीय वैयक्तिक विजेतेपद, अशी ओळ तिने लावली. राष्ट्रीय वैयक्तिक विजेतेपद मिळवणारी ती स्टॅनफर्डची पहिलीच मुलगी. कॉलेज गोल्फमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम महिला खेळाडूचा अनिका पुरस्कारही तिलाच मिळाला. फेरीमागे तिची सरासरी 69.72 फटक्यांची होती. मुलींच्या कॉलेज गोल्फमध्ये एवढी कमी सरासरी तोवर कोणाची नव्हती. सांघिक अजिंक्यपद मात्र त्या वर्षी मिसिसिपीच्या ‘ओल मिस’ने नेले.

पुढच्याच वर्षी संघात रोझ झँग दाखल झाली. अमेरिकेचे हौशी अजिंक्यपद तिने 2020 मध्येच जिंकले होते आणि त्याच्या पुढच्या वर्षी मुलींच्या कनिष्ठ गटाचेही. म्हणजे हेकसारखी खेळाडू संघात असताना तिच्या शेजारी आणखी एक तितकीच मोठी खेळाडू येऊन उभी राहिली. पहिल्या हंगामात झँगची सरासरी निघाली 69.68. हेकचा विक्रम वर्षभरात मोडला, तोही तिच्याच संघातल्या मुलीने आणि अवघ्या चार शतांश फटक्याने.

हे दोन आकडे एकाखाली एक लिहून पाहावेत. त्यांच्यात वर्षभराचे अंतर आहे, पण दोघी एकाच मैदानावर सराव करत होत्या आणि एकाच संघासाठी गुण आणत होत्या. 2022 मध्ये ग्रेहॉकवरच झँग वैयक्तिक विजेती झाली आणि त्याच आठवड्यात स्टॅनफर्डने ओरेगनला 3-2 असे हरवून दुसरे सांघिक अजिंक्यपद मिळवले. आदल्या वर्षीची विजेती आणि या वर्षीची विजेती एकाच पाचांत होत्या. अनिका पुरस्कारही एकीकडून दुसरीकडे गेला.

झँगचे दुसरे वर्ष तर आजही वाचताना श्वास रोखायला लावते. 2022-23 मध्ये तिने कॉलेजच्या आठ स्पर्धा जिंकल्या आणि लोरेना ओचोआच्या एका हंगामातल्या आठ विजयांशी बरोबरी केली. मेक्सिकोच्या ओचोआने तो विक्रम 2001-02 मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठाकडून खेळताना केला होता. मधल्या एप्रिलमध्ये ऑगस्टा नॅशनलची महिला हौशी स्पर्धा झाली. पहिल्या दोन फेऱ्या 66 आणि 65, शेवटच्या दिवशी पाच फटक्यांची आघाडी, आणि मग त्या दिवशी तिची फेरी 76 वर गेली. आघाडी वितळली. जॉर्जिया विद्यापीठाच्या जेनी बेबरोबर प्लेऑफ खेळावा लागला आणि दुसऱ्या होलवर तिने तो जिंकला. तिच्या सगळ्या विजयांत मला हा अधिक मोलाचा वाटतो. हातातून निसटलेली स्पर्धा डोके शांत ठेवून परत ओढून आणणे हे 65 च्या फेरीपेक्षा अवघड आहे.

मे महिन्यात ती पुन्हा राष्ट्रीय विजेती झाली. मुलींच्या या स्पर्धेला 1982 मध्ये सुरुवात झाली. तेव्हापासून वैयक्तिक विजेतेपद दोनदा मिळवणारी ती पहिलीच. दोन वर्षांत 20 स्पर्धा, त्यांत 12 विजय. स्टॅनफर्डमध्ये मुलगे-मुली मिळून विजयांचा उच्चांक तोवर 11 होता, आणि त्या 11 वर असलेल्या तिघांत टायगर वूड्सचे नाव होते. हे झाले आणि अक्षरशः काही दिवसांत, जूनमध्ये, न्यू जर्सीच्या लिबर्टी नॅशनल मैदानावर तिने व्यावसायिक म्हणून पहिली स्पर्धा खेळली आणि जिंकलीही. पदार्पणातच असा विजय याआधी बेव्हर्ली हॅन्सनने मिळवला होता, 1951 मध्ये. झँगने मात्र स्टॅनफर्ड सोडले नाही. व्यावसायिक झाल्यावर संघातून खेळता येत नाही, पण वर्गात बसता येते. ती स्पर्धा सांभाळून शिकत राहिली.

हेकचे काय झाले? मला तिच्याबद्दल अधिक लिहावेसे वाटते, कारण सन्मानांच्या यादीत तिच्या नावापुढे 2021 नंतर फारसे काही दिसत नाही. दुखण्यांनी तिला गाठले. मानेखालच्या नसा आवळणारा एक विकार मागे लागला, हंगाम तुकड्यातुकड्यांनी गेले. त्याच काळात ती हवाई दलाच्या विद्यार्थी-अधिकारी प्रशिक्षणात होती. आपल्याकडच्या एनसीसीची आठवण व्हावी असे हे प्रशिक्षण, पण पदवीबरोबर थेट अधिकारपद देणारे. स्टॅनफर्डमध्ये त्याची तुकडी नाही, म्हणून त्यासाठी ती सॅन होजे स्टेटला जात असे. 2024 च्या वसंतात तिने लेख लिहून जाहीर केले की आपण व्यावसायिक गोल्फकडे वळणार नाही. एकोणिसाव्या वर्षी देशातली सर्वोत्तम ठरलेली खेळाडू असे म्हणते तेव्हा अनेकांना ते वाया जाणे वाटते. मला तसे वाटत नाही. कॉलेजच्या संघात असणे म्हणजे व्यावसायिक खेळाच्या दारात रांगेत उभे राहणे नव्हे, हे तिने स्वतःच्या उदाहरणाने दाखवले.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात, कॅलिफोर्नियाच्या ला कोस्टा मैदानावर, ती शेवटची कॉलेज स्पर्धा खेळली. स्टॅनफर्डने यूसीएलएला 3-2 असे हरवले. तिसरे अजिंक्यपद. झँग संघात नव्हती. हेकबरोबर होत्या सेडी एंगलमन, केली शू, स्पेनची पाउला मार्तिन साम्पेद्रो आणि मेघा गन्ने.

मेघा न्यू जर्सीची, भारतीय वंशाच्या कुटुंबातली. 2021 मध्ये, शाळेत असतानाच, सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिम्पिक क्लबवरच्या महिलांच्या अमेरिकन ओपनमध्ये तिने पहिल्या दिवशी 67 फटक्यांत फेरी पुरी केली आणि ती आघाडीत सहभागी झाली. 17 वर्षांची मुलगी रविवारी शेवटच्या गटात खेळली. त्या दिवशी खेळ घसरला, तरी हौशी खेळाडूंत तीच पहिली आली. नंतर शिकायला ती सॅन फ्रान्सिस्कोजवळच, स्टॅनफर्डला आली.

2025 च्या मेमध्ये ला कोस्टावर स्टॅनफर्ड पुन्हा अंतिम फेरीत होते. या वेळी 3-2 हा आकडा त्यांच्या विरुद्ध गेला, नॉर्थवेस्टर्न जिंकले. ज्या एका गुणाने तीन अजिंक्यपदे आली त्याच एका गुणाने चौथे गेले. जूनमध्ये साम्पेद्रो स्कॉटलंडच्या नेर्नला ब्रिटनची हौशी विजेती झाली. ऑगस्टमध्ये ओरेगनच्या किनाऱ्यावर, बँडन ड्यून्सच्या वाऱ्यात, मेघाने अमेरिकेचे हौशी अजिंक्यपद जिंकले. अटलांटिकच्या दोन्ही बाजूंचे किताब एका उन्हाळ्यात एकाच संघातल्या दोघींकडे आले. मेघाचे कॉलेजचे शेवटचे वर्ष अजून सुरू व्हायचे होते.