पंपाच्या खोक्यावरचा आकडा

कल्याणला दुर्गाडी किल्ल्यापाशी नौदलातून निवृत्त झालेली ‘टी-80’ नौका आली आणि वाचकांच्या पत्रांत जहाजांविषयीची विचारपूस वाढली. डोंबिवलीच्या एका वाचकाने विचारलं आहे : जुन्या शिडाच्या बोटीच्या तळात साचणारं पाणी बाहेर कसं काढतात, आणि त्याला केवढा पंप लागतो? शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेऊन कल्याणच्या खाडीत जहाजबांधणीला हात घातला, तेव्हापासून इथे हा प्रश्न आहेच. लाकडी नाव थोडीफार झिरपतेच.

आधी गणित. पाण्याच्या पातळीखाली एक मीटरवर दोन सेंटिमीटर व्यासाचं भोक पडलं, तर टॉरिचेलीच्या नियमानुसार पाणी सेकंदाला सुमारे 4.4 मीटर वेगाने आत घुसतं. धार भोकातून निघताना आकसते, ते वजा केलं तरी तासाला तीन हजार लिटर! मग ‘तासाला 7500 लिटर’ असं छापलेला पंप घेतला की निश्चिंत? मुळीच नाही. तो आकडा बहुधा पाणी वर न चढवता काढलेला असतो. प्रत्यक्षात पाणी दीड-दोन मीटर वर चढवायचं, नळी आतून वळ्यावळ्यांची, वाटेत दोन कोपर आणि बॅटरी उतरलेली. निम्मं पाणी बाहेर पडलं तरी नशीब समजा. सोसायटीच्या टाकीसाठी पंप घेताना आपण ‘हेड किती?’, म्हणजे पाणी किती उंच चढवणार, म्हणून दुकानदाराला भंडावून सोडतो. बोटवाले मात्र खोक्यावर भाळतात.

मोठा पंप आणखी एक गंमत करतो. चार मीटर लांब आणि 38 मिलिमीटर व्यासाच्या नळीत साडेचार लिटर पाणी मावतं. पंप थांबला की ते सगळं मागे येतं. शिडाच्या बोटीचा तळ निमुळता, त्यामुळे तेवढ्या पाण्यानेही पातळी चटकन चढते, पंप आपोआप चालू करणारा तरंगता स्विच, म्हणजे फ्लोट, उचलला जातो, पंप पुन्हा सुरू. तेच पाणी वर, तेच खाली, आणि सकाळी बॅटरी ठार. म्हणून जाणते लोक दोन पंप बसवतात : अगदी तळाशी बारीक नळीचा छोटा पंप रोजच्या झिरपणीसाठी, आणि त्याच्या बराच वर मोठा पंप संकटासाठी. शिवाय हाताने चालणारा तिसरा हवाच, कारण बॅटरीच पाण्याखाली गेली तर पहिले दोन्ही मुके.

शिडाची बोट वाऱ्याने कलंडते, तेव्हा पाणी बाहेर टाकणारं तोंडच समुद्रात बुडतं. पंप बंद असला तर सायफन उलटा चालू होतो आणि समुद्र त्याच नळीने आत येतो. उपाय स्वस्त आहे : नळी पाण्याच्या पातळीच्या बरीच वर नेऊन वळवायची आणि माथ्यावर हवा आत घेणारी झडप बसवायची. पाणी पंपापर्यंत पोचावं म्हणून तळातल्या आडव्या लाकडांना खाली भोकं ठेवलेली असतात. ती भुशाने, चिंध्यांनी तुंबतात. जुन्या जहाजांत त्या भोकांतून साखळी ओवलेली असे. मागेपुढे ओढली की मार्ग मोकळा. कुठल्याही सेन्सरपेक्षा मला ही साखळी जास्त आवडते.

आणि आता मुंबईचीच ‘सुहेली’. 32 फुटांची ही सागवानी बोट 1960च्या दशकात कुलाब्यात बांधली गेली. तीच घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 14 जून 1968 रोजी इंग्लंडहून निघाला आणि 22 एप्रिल 1969 रोजी, कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून परतला. सगळे शिडांचं कौतुक करतात. पण अटलांटिकमध्येच तिच्या कण्यालगतच्या सांध्यातून पाणी येऊ लागलं होतं आणि उपसा रोजचा झाला होता. त्याने मोठ्या पंपाचा विचार केला नाही. श्वास रोखून बोटीखाली बुडी मारली, फटीत कापूस ठोकला, वर कॅनव्हासची पट्टी आणि तिच्यावर तांब्याची. मध्येच शार्क घिरट्या घालू लागला, त्याला गोळी घालावी लागली.

पंप फक्त वेळ मिळवून देतो. गळती शोधून बुजवावीच लागते. जुनी बोट विकत घेणार असाल तर पुढच्या टोकाला बादलीभर पाणी ओता आणि ते पंपापर्यंत किती वेळात पोचतं ते घड्याळ लावून पाहा. मग पंप सुरू करा, बाहेर पडणारं पाणी बादलीत धरून मोजा. खोक्यावरचा आकडा त्यानंतर वाचला तरी चालेल.