विश्रांतीचं गणित

धावपटू घडतो तो दोन धावांच्या मधल्या वेळात, अशी वोल्डेमार गेर्शलर या जर्मन प्रशिक्षकांची ठाम धारणा होती. तुकड्यातुकड्यांनी धावण्याचा सराव त्यांच्या आधीही होता. फिनलंडचा पावो नूर्मी तो करायचा. पण मध्ये किती थांबायचं, हे ज्याच्या त्याच्या अंदाजावर चालायचं. १९३० च्या दशकात ड्रेस्डेनमध्ये रुडॉल्फ हार्बिगला शिकवताना गेर्शलर यांनी या अंदाजाची जागा मोजमापाला द्यायला सुरुवात केली. पुढे फ्रायबुर्गचे हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांच्या साथीने त्याचे पक्के नियम झाले.

नियम असे. आधी हलकं धावून नाडी १२० पर्यंत न्यायची. मग १०० किंवा २०० मीटरची वेगवान धाव, ज्यात ती १८० च्या आसपास पोहोचते. थांबल्यावर नाडी मोजायची. दीड मिनिटाच्या आत ती १२० वर उतरली पाहिजे. उतरली की वेळ उरला असला तरी लगेच पुढची धाव. नाही उतरली, तर धाव झेपण्यापेक्षा वेगाची किंवा लांब पल्ल्याची होती, असं समजायचं. धाव थांबताच ठोके मंदावू लागतात, पण पायांकडून परतणारं रक्त अजून भरपूर असतं. म्हणून हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलतं आणि त्यातूनच मोठं व बळकट होतं, असा या दोघांचा सिद्धांत होता. धावपटूच्या देहाचं इतकं बारकाईनं ऐकणारी पद्धत तोवर कुणी उभी केली नव्हती, असं मला मनापासून वाटतं.

१५ जुलै १९३९ ला मिलानमध्ये इटलीचा मारिओ लान्झी ८०० मीटरच्या शर्यतीत बराच वेळ पुढे होता. हार्बिग त्याच्या मागोमाग होता. शेवटी त्यानं लान्झीला गाठलं, मागे टाकलं आणि १ मिनिट ४६.६ सेकंदांत शर्यत संपवली. सिडनी वूडरसनचा आधीचा विश्वविक्रम १:४८.४ होता. जिथे सेकंदाच्या दशांशासाठी वर्षं जातात, तिथे एका दमात १.८ सेकंद! बेल्जियमच्या रॉजर मोन्सनं १९५५ मध्ये हार्बिगचा विक्रम मोडेपर्यंत १६ वर्षं गेली. हार्बिग मात्र १९४४ मध्येच पूर्व आघाडीवर मारला गेला होता.

युद्धानंतर गेर्शलर यांचा शिष्य, लक्झेंबर्गचा योझी बार्थेल, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर जिंकला. त्याच्याकडून सुवर्णाची अपेक्षा फारशी कुणी केली नव्हती. पदक स्वीकारताना त्याला रडू आवरलं नाही. ब्रिटनचा गॉर्डन पिरीही गेर्शलर यांच्याच हाताखाली तयार झाला आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ५००० मीटरचं रौप्य घेऊन गेला.

मग वारं फिरलं. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड यांनी आपल्या धावपटूंना आधी आठवड्याला शंभर मैल रस्त्यावर धावायला लावलं, ट्रॅकवरचा वेगाचा सराव नंतर. त्यांच्या पीटर स्नेलनं १९६० मध्ये रोमला ८०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. गेर्शलर यांच्या पद्धतीत लांब पल्ल्याच्या संथ धावण्याला जागा फार कमी होती, हा आक्षेप मला रास्त वाटतो. १२० चा आकडाही सर्वांना सारखा लागू पडत नाही. वयाप्रमाणे आणि माणसाप्रमाणे नाडीचा वेग बदलतो. म्हणून आजचे प्रशिक्षक तो आकडा धावपटूगणिक ठरवतात, आणि २०० मीटरच्या फेऱ्या लांब धावांच्या जोडीला ठेवतात.