इंटरनंतर इंग्रजी : इंद्रवेल्लीच्या मुलामुलींसाठी

इंटरचा निकाल लागला की आदिलाबाद जिल्ह्यातल्या इंद्रवेल्ली मंडलातल्या घराघरांत पुढचं बोलणं सुरू होतं. आर्ट्‌सच्या एखाद्या मुलीने ‘मला इंग्रजी साहित्य घेऊन डिग्री करायची आहे’ असं म्हटलं, की वडीलधारी माणसं एकमेकांकडे बघतात. इंग्रजी यावी असं सगळ्यांनाच वाटतं, त्यासाठी लहान भावंडांची फी भरायला उसनवारीही होते. पण तीन वर्षं इंग्रजी कविता-नाटकं वाचून पोट कसं भरणार, हा आईबापांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. माझ्या मते ते उत्तर इंद्रवेल्लीत आणि पुण्यात सारखं नाही.

इथल्या आठवडी बाजारात तासभर उभं राहिलं तर गोंडी, मराठी, लमाणी, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच दुकानासमोर ऐकू येतात. मराठवाड्यातून आलेली कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत. गोंडांच्या कुळकथा गाणाऱ्या परधानांची घरातली भाषा मराठी आणि कथागायनाची भाषा गोंडी, म्हणजे दोन भाषांच्या मधोमध उभं राहून जगणं हा या मातीतला जुना व्यवसाय आहे. इथलं दहा वर्षांचं पोर सहज तीन भाषा बोलतं. गुणपत्रिकेत मात्र त्याची कुठे नोंद होत नाही. या भाषांच्या जोडीला इंग्रजी नीट शिकली, तर जे काम हैदराबादच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलाला जमत नाही ते या मुलाला जमतं. इंग्रजीचा अभ्यास करणाऱ्याने आपली घरची भाषा मागे टाकू नये, असं मी म्हणतो ते रोजगाराचा हिशेब करूनच.

याची उदाहरणं याच डोंगरांत आहेत. १९४० मध्ये जोडेघाटला गोंडांचे नेते कोमराम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने गोंडांच्या असंतोषाची कारणं शोधायला क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला पाठवलं. ते पत्नी बेट्टी एलिझाबेथ यांच्यासह मारलवाईला राहिले. तिथे १९४३च्या सुमारास गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र सुरू झालं आणि गोंडी वाचनाची पुस्तकं देवनागरी लिपीत निघाली. १९४८ साली त्यांचा ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ आला. केसलापूरच्या नागोबाला मानणाऱ्या लोकांचं इतकं बारकाईने केलेलं वर्णन इंग्रजीत आहे. ज्यांचं वर्णन आहे त्यांच्या नातवंडांना ते वाचायचं तर इंग्रजीच हवी. त्याच काळात हैदराबाद संस्थानच्या नोकरीतले सेतुमाधवराव पगडी आदिलाबादच्या गोंडांमध्ये काम करत होते. निलंग्याचा हा मराठी माणूस गोंडी शिकला, गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गोंडीचं व्याकरणही इंग्रजीत लिहिलं. पुढे शिवकालाचे इतिहासकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, पण आदिलाबादने त्यांना आधी ओळखलं होतं.

आता शिकायचं कुठे. इथली महाविद्यालयं वारंगळच्या काकतीय विद्यापीठाशी जोडलेली आहेत. उटनूर आणि आदिलाबादला सरकारी पदवी महाविद्यालयं आहेत आणि प्रवेश ‘दोस्त’ या ऑनलाइन पद्धतीने होतात. मुलुगूला सम्मक्का-सारक्का केंद्रीय आदिवासी विद्यापीठ उभं राहतंय. २०२३ मध्ये त्याचा कायदा झाला, हैदराबाद विद्यापीठाच्या देखरेखीखाली पुढच्या वर्षी वर्ग सुरू झाले, आणि अगदी पहिल्या अभ्यासक्रमांमध्येच इंग्रजी ऑनर्स आहे. आदिवासी मुलांसाठी काढलेल्या विद्यापीठाने सुरुवातीलाच इंग्रजी निवडली, ही गोष्ट घरच्यांना जरूर सांगावी. मराठी माध्यमातून आलेल्यांना किनवट-मुदखेडच्या रेल्वेने नांदेड गाठणंही सोपं पडतं. तिथलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासूनचं. घर सोडता येत नसेल, तर हैदराबादचं डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ आहे. १९८२ मध्ये निघालेलं हे देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ.

एम.ए.साठी मात्र हैदराबादची ‘इफ्लू’ (इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी) डोळ्यांसमोर ठेवावी. १९५८ मध्ये ती इंग्रजीच्या शिक्षकांना घडवणारी केंद्रीय संस्था म्हणून सुरू झाली, २००७ पासून केंद्रीय विद्यापीठ आहे. इंग्रजी साहित्य, भाषाविज्ञान आणि इंग्रजी शिकवण्याचं शास्त्र यांचा असा अभ्यास देशात फार थोड्या ठिकाणी होतो.

वर्गात काय शिकवतात? शेक्सपिअर असतोच. ध्वनिशास्त्र, भाषेची रचना, समीक्षा, भारतीय इंग्रजी लेखन हेही असतं. नायजेरियाच्या चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही १९५८ची कादंबरी बऱ्याच विद्यापीठांत लावलेली असते. बाहेरची सत्ता आल्यावर एका गावाचे देव, पंच आणि जमिनी यांचं काय होतं ते तिच्यात आहे. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीत जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृत्यूंचा, लोकांच्या सांगण्यात तो कितीतरी मोठा. त्या मृतांच्या स्मारकस्तूपाजवळून रोज जाणाऱ्या विद्यार्थ्याला अचेबे समजावून सांगावा लागत नाही. पहिलं वर्ष अवघड जातं हे खरं. मराठी किंवा तेलुगू माध्यमातून आलेल्या मुलाला पानापानावर शब्दकोश उघडावा लागतो. पण रोज एक पान स्वतः लिहायचं आणि कुणाकडून तरी तपासून घ्यायचं, एवढं वर्षभर केलं की भीड चेपते. नुसत्या वाचनाने ती चेपत नाही.

नोकरीचा सर्वांत मळलेला रस्ता शिक्षकाचा. डिग्री, मग बी.एड., मग टेट ही पात्रता परीक्षा आणि डीएससी ही शिक्षकभरती. इथे एक खाचखळगा आहे. सगळ्याच पदवीधरांना ‘जनरल इंग्लिश’ असते. इंग्रजीचा शिक्षक व्हायचं तर पदवीला इंग्रजी साहित्य हा मुख्य विषयांपैकी एक असणं आणि बी.एड.ला इंग्रजीची मेथडॉलॉजी घेणं, हे आधीच बघून ठेवावं. तिसऱ्या वर्षाला हे कळून उपयोग नसतो. तेलंगणाने २०२२-२३ पासून सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आणायला सुरुवात केली, शिवाय आदिवासी कल्याणाची गुरुकुलं आणि आश्रमशाळा आहेतच. पहिलीच्या वर्गात गोंडी किंवा मराठी बोलणारं पोर इंग्रजी पुस्तक घेऊन बसतं, तेव्हा त्याची भाषा येणारा इंग्रजीचा शिक्षक मिळाला तर ते पोर शाळेत टिकतं. अशा शिक्षकांची गरज मला इतर सगळ्या कामांपेक्षा तातडीची वाटते. नांदेडला डिग्री केली तर तेलंगणातली ‘लोकल’ ओळख जाईल अशी भीती घालतात. २०१८च्या राष्ट्रपती आदेशात नोकरीसाठीची ही ओळख पहिली ते सातवीच्या शाळेवरून ठरते, तेव्हा शाळेचे बोनाफाइड जपून ठेवावेत. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए.नंतर ज्युनिअर लेक्चररची परीक्षा, नाहीतर नेट किंवा सेट. नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून सुरुवातीची रक्कम महिना ३७,००० रुपये आहे. अनुसूचित जमातीच्या संशोधकांसाठी दरवर्षी ७५० राष्ट्रीय फेलोशिप निराळ्या असतात. इतक्या पैशांत हैदराबादला राहून पीएच.डी. करता येते, हे इथल्या फार थोड्या घरांना माहीत आहे.

दुसरा रस्ता भाषांतराचा, आणि त्यावर अजून गर्दी नाही. हैदराबादच्या ‘इफ्लू’त शिकवणाऱ्या माया पंडित यांनी बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आणि ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’ इंग्रजीत नेलं. २००८ मध्ये दोन्ही अनुवाद प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या विद्यापीठांत वाचले जाऊ लागले. पोटापाण्याच्या दृष्टीने न्यायालयातलं भाषांतर जास्त नियमित. उच्च न्यायालयांचं काम इंग्रजीत चालतं, साक्षी-कागदपत्रं लोकांच्या भाषेत असतात, म्हणून भाषांतरकारांच्या जागा निघतात. केंद्र सरकारच्या कनिष्ठ अनुवादकाच्या परीक्षेलाही इंग्रजीचा एम.ए. बसू शकतो, पण त्याला पदवीत हिंदी हा विषय असावा लागतो. आणि इंद्रवेल्लीत बिगर-आदिवासींकडे जमिनीच्या हस्तांतरावर बंदी घालणारा १९७०चा एक नंबरचा विनियम, वनहक्काचा २००६चा कायदा, त्यांवरचे निवाडे हे सगळं मुळात इंग्रजीत. इंग्रजीच्या डिग्रीनंतर एलएल.बी. केलेली मुलगी उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेत (आयटीडीए) जाऊन हे कागद वाचू शकली, तर तिच्या गावाला कुणा मध्यस्थाची गरज उरणार नाही.

हैदराबादच्या कंपन्यांतलं काम वेगळं: सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका लिहिणं, ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करणं, प्रकाशनसंस्थेत संपादन. पगार बरा असतो. मात्र साचेबंद मजकूर आता यंत्र लिहू लागलंय, त्यामुळे नुसतं ‘कंटेंट रायटिंग’ येतं म्हणून या क्षेत्रात उतरू नये. विषय कळणारा संपादक टिकेल. ज्या भाषांचा मजकूर यंत्राकडे नाही तिथे उलट माणसं हवी आहेत. नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावी सापडलेल्या गोंडी लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. लिपी संगणकात आली. तिच्यात लिहिणारे, शब्दकोश करणारे, बोलणं नोंदवून त्याचं इंग्रजी देणारे अजून मोजके आहेत. भाषाविज्ञानाचा एम.ए. झालेल्या गोंड मुलाला हे काम दिल्ली-मुंबईच्या कुठल्याही उमेदवारापेक्षा आधी मिळायला हवं.

इंग्रजीचे प्राध्यापक भोरचे गणेश देवी यांनी बडोद्याचं विद्यापीठ १९९६ मध्ये सोडलं आणि गुजरातेत तेजगढला आदिवासी अकादमी उभी केली. पुढे देशभरच्या भाषांचं लोकसर्वेक्षण त्यांच्या पुढाकाराने झालं. आदिवासी भाषांसाठी इतकं मोठं काम इंग्रजीच्या विभागातून आलेल्या माणसाने केलं. केसलापूरच्या मेसराम कुळाच्या कथा, परधानांचं गायन, लमाणी गाणी, आदिलाबादची मराठी यांच्यावर असं काम करायला बाहेरून कुणी येण्याची वाट बघायची गरज नाही. त्यासाठी उटनूरच्या कॉलेजातून निघून वारंगळ किंवा हैदराबादपर्यंत जाणारी आणि सुट्टीत परत येऊन आजीकडून गोष्टी उतरवून घेणारी दहा-बारा मुलंमुली पुरतील. प्रवेशाची नोंदणी निकालाच्या आसपासच उघडते. जातीचा, उत्पन्नाचा दाखला आणि बोनाफाइड एप्रिलमध्येच काढून ठेवावेत, कारण मेमध्ये मी-सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात.