मेरुरज्जूतील करडे द्रव्य : नावे आणि अंक

मेरुरज्जूचा आडवा छेद घेतला असता मध्यभागी करड्या द्रव्याची फुलपाखरासारखी आकृती दिसते. तिच्या पाठीकडील टोकांना पश्चशृंगे व पोटाकडील टोकांना अग्रशृंगे म्हणण्याचा प्रघात आहे. पहिल्यांत संवेदना येऊन पोहोचतात, दुसऱ्यांतून स्नायूंकडे आज्ञा जातात.

शृंगांच्या अंतर्भागास नावे देताना मात्र एकसूत्रता राहिली नव्हती. एका भागास त्याच्या काचेसारख्या, नितळ रूपावरून जिलेटिनसदृश द्रव्य म्हटले गेले, तर दुसऱ्यास संशोधकावरून क्लार्कचा स्तंभ. स्वीडनचे शरीररचनाशास्त्रज्ञ ब्रूर रेक्सेड यांनी १९५२ साली मांजराच्या मेरुरज्जूचे रंजित छेद अभ्यासून, पेशींचे आकारमान, आकृती व दाटी एवढ्यांवरून या द्रव्याचे दहा विभाग पाडले आणि त्यांस केवळ रोमन अंक दिले. पहिले सहा पश्चशृंगात, सातवा मुख्यत्वे मधल्या भागात, आठवा व नववा अग्रशृंगात आणि दहावा मध्यनलिकेभोवती. (हेच रेक्सेड १९६७ मध्ये स्वीडनच्या वैद्यक प्रशासनाचे प्रमुख झाले, तेव्हा सर्व कर्मचाऱ्यांस आपण 'दू', म्हणजे 'तू', असे संबोधू, हे त्यांनी जाहीर केले. त्यामुळे स्वीडिश संबोधनांच्या इतिहासातही त्यांचे नाव येते. उपाधी टाळण्याची त्यांची हौस जुनीच म्हणावयाची!)

नावात बहुधा एखादा दावा दडलेला असतो. अंक कार्याविषयी मौन पाळतो. वेदनेचे 'द्वार' दुसऱ्या स्तराच्या परिसरात असावे, असा सिद्धान्त मेल्झॅक व वॉल यांनी १९६५ साली मांडला. पुढे त्याच्या तपशिलांवर बरेच आक्षेप आले. दुसरा स्तर मात्र दुसराच राहिला, कारण त्याचे नाव त्या सिद्धान्ताशी बांधलेले नव्हते.

तथापि 'स्तर' हा शब्दही सर्वस्वी निर्दोष नाही. पश्चशृंगात पेशी खरोखरच एकाखाली एक अशा थरांनी रचलेल्या आढळतात. परंतु तेथेही एक थर दुसऱ्यात हळूहळू मिसळतो, आणि आकृतीतील ठळक रेषा सूक्ष्मदर्शकाखाली सापडत नाही. नवव्या 'स्तरा'ची गोष्ट तर निराळीच. तो थर नसून स्नायूंना चालना देणाऱ्या मोठ्या पेशींचे विखुरलेले पुंजके होत, आणि उभ्या छेदात हे पुंजके लांबच लांब स्तंभांसारखे दिसतात. धडाच्या स्नायूंचे स्तंभ आतल्या बाजूस, तर हातापायांचे बाहेरच्या बाजूस असतात. म्हणूनच मान व कंबर येथील ज्या भागांतून हातापायांच्या चेता निघतात, तेथे अग्रशृंग बाहेरच्या अंगास रुंद झालेले असते.