वहीतले तास, आकाशातले तास

वहीत लिहिला आहे एवढ्याच कारणाने आकडा खरा मानण्याची रीत व्यापारी पेढीवर कधीच नव्हती. रोजमेळातील रक्कम खतावणीत उतरते, खतावणीतील बाकी समोरच्या पेढीच्या खात्याशी जुळवली जाते आणि मालाचा आकडा गोदामातील शिलकेशी ताडून पाहिला जातो. एका हाताने लिहिलेली नोंद हे केवळ सांगणे असते. दुसऱ्या, स्वतंत्र नोंदीशी तिचा मेळ बसला म्हणजे तिला पुराव्याचे मोल येते.

वैमानिकाच्या व्यवसायातही असेच आहे. त्याचे भांडवल म्हणजे उड्डाणाचे तास, आणि ते साठतात लॉगबुक नावाच्या वहीत. उड्डाणाची तारीख, विमानाचा प्रकार व नोंदणी क्रमांक, निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण, लागलेला वेळ, दिवस होता की रात्र, विमान स्वतःच्या जबाबदारीवर चालवले की शिक्षकाच्या सोबतीने, हे सारे त्यात रकान्यांनुसार लिहिले जाते. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तास लागतात. प्रवासी विमान कंपनीत कप्तान होण्यासाठी जो वरचा परवाना लागतो, त्यासाठी १५०० तास.

या तासांची भाषा आता घराघरांत पोहोचली आहे. संगणकावर विमान चालवण्याचा छंद नवा नाही. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर १९८२ सालीच बाजारात आला. २००१ साली सुरू झालेल्या व्हॅटसिम या जाळ्यामुळे जगभरातील हौशी मंडळी एकाच काल्पनिक आकाशात, हौशी नियंत्रकांच्या सूचना ऐकत विमाने नेऊ लागली. अनेक घरांतील मुले संध्याकाळी मुंबईहून दुबईला ‘जाऊन’ जेवायला बसतात. त्यांच्या खात्यावरही तास जमा होतात.

तास मात्र तीन प्रकारचे असतात. पहिला, घरच्या संगणकावरचा. दुसरा, शासनमान्य सिम्युलेटरवर शिक्षकाच्या देखरेखीखाली झालेला. तो लॉगबुकात स्वतंत्र रकान्यात लिहितात. तिसरा, खऱ्या विमानातला. तिन्हींचे आपापले मोल आहे. पितळ पितळ म्हणून विकणे हा प्रामाणिक व्यापार. तेच सोने म्हणून विकले की फसवणूक होते.

हौशी वैमानिकांच्या या समूहांत कोणी तरी आत्मविश्वासाने सांगतो की तो खऱ्या विमानाचा कप्तान आहे, त्याचे आठ हजार तास झाले आहेत. त्याला तांत्रिक शब्द येतात, गणवेशातील छायाचित्र असते, आवाजात अधिकार असतो. बाकीचे त्याला गुरू मानतात. कोणती उड्डाण शाळा निवडावी, परदेशी जावे की देशातच शिकावे, वैद्यकीय तपासणीत काय सांगावे, असे प्रश्न अठरा वर्षांचा मुलगा त्यालाच विचारू लागतो. या शिक्षणाचा खर्च काही दशलक्ष रुपयांचा असतो आणि तो वडील पेढीतून किंवा कर्जातून उभा करतात. सल्ला देणारा खोटा निघाला, तर बुडतो तो मुलाच्या उमेदीचा काळ आणि घराची पुंजी.

म्हणून पडताळणीचे मार्ग ठाऊक असावेत. तांत्रिक प्रश्न विचारून पारख होते, हा समज कच्चा आहे. पुस्तकी उत्तरे कोणालाही मिळतात, आणि मुरलेला हौशी माणूस ती खऱ्या वैमानिकापेक्षा लवकर देतो. खरी कसोटी आहे समोरच्या नोंदीची. विमानालाही स्वतःची वही असते; इंजिन किती चालले हे मोजणारे मीटर असते; शाळेकडे उड्डाणांचे रजिस्टर व शिक्षकाची सही असते; विमानतळावर आल्यागेल्याची नोंद आणि इंधनाचे बिल असते. विशिष्ट दिवशी अमुक विमान दोन तास उडवल्याचे लॉगबुक म्हणत असेल आणि विमानाच्या वहीप्रमाणे ते त्या दिवशी दुरुस्तीला उभे असेल, तर वाद तेथेच संपतो. अमेरिकेत परवानाधारकांची नावे विमान प्रशासनाच्या सार्वजनिक नोंदवहीत कोणालाही शोधता येतात. न उडता केवळ लेखणीने वाढवलेल्या तासांना इंग्रजी बोलणाऱ्या वैमानिकांच्या बोलीत प्रसिद्ध पार्कर पेनावरून ‘पार्करचे तास’ असे उपहासाचे नाव आहे. रोग जुना आहे, म्हणूनच त्याला नावही मिळाले.

तो भारतातही दिसला. जानेवारी २०११ मध्ये गोव्याला उतरणाऱ्या एका प्रवासी विमानाचे पुढचे चाक मुख्य चाकांआधी जमिनीला टेकले. चौकशी वैमानिकाच्या कौशल्याची सुरू झाली आणि पोहोचली कागदपत्रांपर्यंत. वरच्या परवान्यासाठी जोडलेली गुणपत्रिका बनावट असल्याचे आढळले. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने देशभरातील हजारो परवाने तपासायला घेतले आणि आणखी बनावट कागद उजेडात आले.

खोट्या नोंदीचा भुर्दंड केवळ ती करणाऱ्यालाच बसतो असे नाही. मे २०२० मध्ये कराचीला विमान अपघात झाला. त्यानंतर जूनमध्ये पाकिस्तानच्या विमान वाहतूक मंत्र्यांनी संसदेत सांगितले की देशातील ८६० वैमानिकांपैकी २६२ जणांचे परवाने संशयास्पद आहेत. पुढील छाननीत हा आकडा बराच खाली आला. पण तोवर पत गेली होती. १ जुलै २०२० पासून युरोपने त्या देशाच्या राष्ट्रीय विमान कंपनीला दारे बंद केली, ती २०२४ च्या नोव्हेंबरअखेर उघडली. परदेशी कंपन्यांत काम करणाऱ्या निर्दोष पाकिस्तानी वैमानिकांकडेही संशयाने पाहिले गेले. एका दुकानाची हुंडी परत गेली की साऱ्या पेठेची पत डळमळते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

येथे एक प्रश्न उरतो. ज्याला काम खरोखर येते, त्याच्या कागदाला एवढे महत्त्व का द्यावे? मार्च २०१० मध्ये ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर थॉमस साल्मे या स्वीडिश माणसाला उड्डाणापूर्वी विमानातच अटक झाली. प्रवासी विमान चालवण्याचा वैध परवाना नसताना तो तेरा वर्षे कप्तान व सहवैमानिक म्हणून काम करत होता. सिम्युलेटरवर सराव करून त्याने ही विद्या मिळवली होती. त्याच्या हातून अपघात घडला नाही, म्हणून अनेकांना त्याचे कौतुकही वाटले. परंतु परवाना म्हणजे केवळ कौशल्याचे प्रशस्तिपत्र नव्हे. या माणसाला दुसऱ्या जबाबदार माणसाने तपासले आहे, अशी ती प्रवाशाला दिलेली हमी असते. त्याच्या मागे बसलेल्या प्रवाशांनी ती हमी गृहीत धरली होती, आणि ती अस्तित्वातच नव्हती. सुखरूप पोहोचणे हे त्यांचे दैव होते. फसवणूक मात्र प्रत्येक उड्डाणात झाली होती.

जैन आचारशास्त्राने हा भेद फार पूर्वी ओळखला. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांपैकी कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख, बनावट दस्तऐवज तयार करणे. त्या लेखामुळे पुढे किती हानी झाली, हा प्रश्न नंतरचा. लेख खोटा करणे हाच दोष. मिथ्योपदेश हा दुसरा अतिचार. खोट्या अधिकाराच्या बळावर नवख्या मुलाला चुकीच्या वाटेने नेणारा ‘कप्तान’ याच दोषाचा धनी होतो.

त्याच यादीत रहोभ्याख्यानही आहे: दुसऱ्याची खाजगी गोष्ट चव्हाट्यावर मांडणे. पडताळणी करणाऱ्यासाठी ही मर्यादा महत्त्वाची. कोणाचा परवाना क्रमांक, जन्मतारीख किंवा वैद्यकीय कागद चारचौघांत मागू नये, मिळाला तर फिरवू नये. समूहातील एखाद्या जाणत्या, जबाबदार व्यक्तीने एकांतात मूळ कागद पाहावा आणि बाकीच्यांना ‘पाहिला आहे’ एवढेच सांगावे. कागद दाखवायचा नसेल, तरी त्या माणसाला खोटा ठरवू नये. त्याचा सल्ला मात्र हौशी माणसाचा सल्ला म्हणूनच ऐकावा. खरा वैमानिक अशा विचारणेने दुखावत नाही, कारण नोकरीच्या प्रत्येक वळणावर त्याला कागद दाखवण्याची सवय असते.

ज्या घरात मुलगा किंवा मुलगी वैमानिक होण्याचे स्वप्न पाहत आहे, तेथे पालकांनी मोठी रक्कम भरण्यापूर्वी इतके तरी करावे. महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त शाळांच्या यादीत शाळेचे नाव आहे का, हे स्वतः पाहावे. महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टरांकडून वैद्यकीय पात्रता आधी तपासून घ्यावी. शाळेकडे उडण्याच्या स्थितीत किती विमाने आहेत हे प्रत्यक्ष जाऊन मोजावे आणि तेथून नुकत्याच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांशी बोलावे. आणि कोणी ‘थोडे तास वहीत भरून देऊ’ असे सुचवले, तर त्याच पावली परतावे.

मुलांनाही एक गोष्ट आताच शिकवता येईल. घरच्या संगणकावर पाचशे तास विमान चालवणे ही चिकाटी आहे, तिचा अभिमान बाळगायला हरकत नाही. ते तास सांगताना ‘घरच्या सिम्युलेटरवर’ हे शब्द मात्र गाळू नयेत. उद्या त्याच मुलाच्या हाती खरे लॉगबुक येईल, तेव्हा त्यातला प्रत्येक आकडा समोरच्या नोंदीशी जुळेल तो याच सवयीमुळे.